मरळ माशाला राक्षस म्हणणाऱ्यांसाठी

मुळाकाठ: काल एका ग्रुपवर पोस्ट आली, "मरळ दिसली की मारा, अख्खं तळं गिळते." डोकंच फिरलं. बारा वर्षं मुळशी, खडकवासल्याला गळ टाकतोय. मरळ पाठलाग करत हिंडत नाही हो, गवतात काडीसारखी पडून राहते, बेडूक नाहीतर बारका मासा टप्प्यात आला की झडप. चावून खात नाही, सबंध गिळते, म्हणजे तोंडात मावेल तेवढंच. आणि केशरी पिल्लांचा थवा वर फिरत असतो तेव्हा खाली आईबाप राखणीला असतात. त्यांना काढलं की बाकीचे मासे तो थवा खाऊन संपवतात.

दौंडकर: तुमचा छंद, आमचं पोट. शेततळ्यात रोहू-कटल्याचं 5000 बीज सोडलं, दिवाळीत जाळं ओढलं तर हजारसुद्धा नाही आणि मनगटाएवढ्या सात मरळी. सांगा आता कोणी खाल्लं.

मुळाकाठ: बीज सोडायच्या आधी तळ्यातले जुने मासे मारायला मोहाची पेंड टाकली होती का? हेक्टरी 2500 किलो लागते. आणि बीज केवढं होतं, बोटुकली म्हणजे बोटाएवढं, की त्याहून बारीक?

दौंडकर: पेंडीचा भाव काय आहे ते विचारा आधी! पुण्यात बसून सल्ले देताय.

भिगवणची लेक: मरळीचं काय घेऊन बसलात, उजनी धरणात चिलापीने (तिलापिया माशाने) वाट लावली. वडिलांच्या जाळ्यात शिवडा, वाम यायचे, आता टोपलीभर चिलापीच.

गळवाला: चिलापी शेवाळ खाते ताई, ती शिकारी नाही.

भिगवणची लेक: शेवाळ खाते आणि दुसऱ्यांची अंडी, पिल्लंही खाते! स्वतःची मात्र तोंडात घेऊन वाढवते, मग तीच उरणार ना. आमच्या घरात मासेमारीवर चूल पेटायची, मला शिकवू नका.

गळवाला: बरं, अंड्यांचं मान्य. पण मग मांगूर? त्या आफ्रिकन मांगूरवर 2000 साली बंदी आली, मी गेल्या महिन्यात बाजारात टबात जिवंत बघितला. मासा, किडे, सडकं मांस, काही म्हणजे काही सोडत नाही तो. त्याच्यावर बोला.

मुळाकाठ: बोलतोच. खडशीला, म्हणजे महसीर माशाला, साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने 1839 मध्ये शास्त्रीय नाव दिलं ते याच मुळा-मुठेतल्या माशावरून. आज शहरातल्या नदीत दाखवा एक. मैलापाण्याने पाण्यातला ऑक्सिजन गेला की खडशी मरते, मरळ आणि मांगूर वर येऊन हवा घेतात म्हणून तगतात. शेवटी तेच दिसतात आणि लोक म्हणतात यांनीच सगळं खाल्लं. अहो, खाल्लं आपल्या गटारांनी!

दौंडकर: माझ्या तळ्यात कुठलं गटार? विहिरीचं पाणी आहे.

मुळाकाठ: तळ्यातल्या काढा ना, कोण अडवतंय. नदीतल्या मारा म्हणून पोस्टी फिरवू नका एवढंच म्हणणं आहे.

दौंडकर: ती पोस्ट माझी नव्हती. बीज बारीक सोडलं होतं, ती चूक माझीच. पण तळ्यातली मरळ मी काढणारच. पावसाळ्यात थवा दिसला तर तेवढा ओढ्यात नेऊन सोडीन, आईबापासकट.