मदत हवी आहे: जुना चित्रपट नव्या टीव्हीवर रुंद दिसतो, आवाजात घरघर येते

अमळनेरकर
राम राम मंडळी. २४ डिसेंबरला साने गुरुजींची जयंती. गुरुजी आमच्या गावात शिक्षक होते, म्हणून गल्लीतल्या ज्येष्ठांना १९५३चा ‘श्यामची आई’ दाखवायचा आहे. टीव्ही ४३ इंची, फाइल पेन ड्राइव्हवर. आईच्या भूमिकेतल्या वनमालाबाईंचा चेहरा रुंद दिसतो, झूम केलं तर कपाळ कापलं जातं. माणसं आजच्या मालिकेसारखी गुळगुळीत हलतात. संवाद फक्त डाव्या स्पीकरमधून येतात, आणि लॅपटॉपवरून लावलं तर आवाजात घरघरही येते. त्याच ड्राइव्हवर दूरदर्शनच्या जुन्या मालिकेचे भाग आहेत, त्यात कुणी हललं की कडेला कंगव्यासारख्या रेघा दिसतात. सुरुवात कुठून करू?

पारोळेकर
भाऊ, आधी मोजा. ताट, चाक असं काही समोरून गोल दिसेल तिथे चित्र थांबवा आणि शिंप्याच्या टेपने पडद्यावरच माप घ्या. उंची १२ सेंमी आणि रुंदी १६ भरली, तर चित्र आडवं ताणलंय. त्या काळचे चित्रपट जवळपास ४:३ चौकटीतले, आजचा टीव्ही १६:९. ‘पिक्चर साइझ’मध्ये ४:३ निवडा. तुमच्या पडद्याची रुंदी साधारण ९५ सेंमी; त्यातल्या ७१ सेंमीत चित्र बसेल, दोन्ही कडांना १२-१२ सेंमी काळे पट्टे राहतील. पडदा वाया गेला असं कुणी म्हणेल, तर त्यांना हेच माप दाखवा. वाया जातं ते झूममध्ये: वरचं-खालचं मिळून पाव चित्र. नाचात पायातले घुंगरू जातात, जवळच्या दृश्यात कपाळावरचं कुंकू. चारही बाजूंना काळं असेल तेव्हाच झूम करावं.

ताट गोल भरतंय, पडदाही भरलाय, पण डोकी कापलेली आहेत, असं असेल तर फाइल बनवणाऱ्यानेच चित्र छाटलंय. त्याला इलाज नाही, दुसरी फाइल शोधा.

हालचाल गुळगुळीत होते कारण चित्रपटात सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे सुटी चित्रं, असतात आणि टीव्ही मधल्या फ्रेम स्वतः बनवून घालतो. ट्रूमोशन, मोशनफ्लो, जे नाव असेल ते बंद करा. शार्पनेस शून्याजवळ, नॉइज रिडक्शन बंद. चित्रावर दिसणारे बारीक दाणे फिल्मचेच आहेत; ते पुसायला गेलात की चेहऱ्यावरच्या सुरकुत्याही पुसल्या जातात, आणि या चित्रपटात चेहरेच तर बघायचे आहेत! कृष्णधवल चित्राला हिरवट-जांभळट झाक असेल तर ‘कलर’ शून्यावर आणा.

चाळीसगावची ताई
दादा, बाकीचं लॅपटॉप एचडीएमआय केबलने जोडून व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये करा. टीव्ही ४:३ घेत नसेल तर तिथे ‘ए’ कळ दाबत गेलं की चौकट बदलते. ‘ऑडिओ’मधल्या ‘स्टिरिओ मोड’ला ‘लेफ्ट’ निवडा, तोच आवाज दोन्ही स्पीकरमधून येईल. मूळ ध्वनी मोनोच, म्हणजे डावा-उजवा भेद नसलेला, आहे; ‘सराउंड’ लावून तो फक्त घुमतो.

घरघरीसाठी आधी चित्रपट थांबवून ऐका. तरी येत असेल तर ती फाइलमधली नाही. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवा. गेली तर दोष अर्थिंगचा. थांबवल्यावर बंद होत असेल तर इक्वलायझरमध्ये ६० हर्ट्झची पट्टी तळाला, १७०ची थोडी खाली, ३ किलोहर्ट्झची ३ डेसिबल वर. त्याने शब्द सुटे ऐकू येतात.

मालिकेतल्या रेघा: त्या काळच्या दूरदर्शनचं चित्र सेकंदाला ५० अर्ध्या चित्रांचं, एकदा सम रेघा, एकदा विषम. ‘व्हिडिओ’मध्ये ‘डीइंटरलेस’ चालू करून मोड ‘याडिफ २एक्स’ ठेवा. स्टुडिओतल्या प्रसंगांची गुळगुळीत हालचाल तिथे अस्सल आहे, ती घालवू नका. रेघा तरीही राहिल्या तर कुणीतरी त्या मिसळलेल्या असतानाच चित्राचा आकार बदललाय. मग त्या निघत नाहीत.

अमळनेरकर
ताई, चार्जर काढला आणि घरघर गेली! चौकटही बसली, चेहरे आता चेहऱ्यासारखे दिसतात. पण ‘भरजरी गं पितांबर’ किंचित चढं वाटतं. कानाचा भास असावा का?

पारोळेकर
भास नसेल. टीव्हीसाठी उतरवलेल्या प्रतीत २४ची फिल्म बहुधा २५ फ्रेमने धावते. १०० मिनिटांचा चित्रपट ९६ मिनिटांत संपतो आणि सूर अर्धस्वराच्या साधारण पाऊणपट चढतो. पेटीवर बघा, गाण्याचा षड्ज दोन पट्ट्यांच्या मध्ये पडत असेल तर शंका बळावते. व्हीएलसीत गती ०.९६ करा. आधी प्रेफरन्सेसच्या ऑडिओमधलं ‘टाइम-स्ट्रेचिंग’ बंद करा, नाहीतर गती उतरेल आणि सूर तसाच राहील.

एवढं केलं की बठ्ठं बराबर व्हई जाई. फक्त ज्या खोलीत दाखवणार तिथेच, त्याच बोर्डावर, आदल्या संध्याकाळी पहिली दहा मिनिटं लावून बघा. अर्थिंग खोलीगणिक वेगळं असतं.