जोडीने सायकल टूर, दोन तुटलेले स्पोक आणि एक अबोला : नेमकं चुकलं कुठे?

आरामखुर्ची (धागाकर्ती)

मंडळी, गेल्या महिन्यात मी आणि नवरा पहिल्यांदाच सायकलींवर सामान लादून लांब बाहेर पडलो. आखणी ९ दिवसांची, रोज साधारण ५५ किलोमीटर. प्रत्यक्षात सातव्या दिवशी दोन्ही सायकली भाड्याच्या गाडीत घालून परत फिरलो. आता घरात दोन तट आहेत. नवऱ्याचं म्हणणं, मी सामान जास्त घेतलं म्हणून माझं मागचं चाक गेलं. माझं म्हणणं, चाकाचं सोड, तू थांबत का नाहीस ते सांग. निवाडा इथे व्हावा, म्हणून सगळं लिहिते. लांबेल, आधीच माफी मागते.

सुरुवात विमानाने. सायकली खोक्यात भरायचं काम नवऱ्याने अंगावर घेतलं. हँडल फिरवलं, पेडल काढली, पुढचं चाक काढून बाजूला बांधलं, टायरमधली हवा कमी केली. मला फक्त चिकटपट्टी धरायला उभं केलं होतं. तपासणीच्या रांगेत माझ्या हातातल्या बॅगेतून हवा भरायच्या तीन छोट्या गॅसच्या नळकांड्या निघाल्या आणि तिथेच जमा झाल्या. नवरा म्हणाला, "असू दे, माझ्याकडे पंप आहे." हे वाक्य लक्षात ठेवा.

उतरल्यावर माझ्या खोक्याचा एक कोपरा पार चेपलेला. बाहेर येऊन उघडलं, फ्रेमला दोन ओरखडे, बाकी चाक फिरतंय, ब्रेक लागतोय. निघालो. गिअर जरा कुरकुरत होता. "नवीन केबल आहे, ताणून बसेल," असं मला सांगण्यात आलं.

दुसऱ्या दिवशी चढ लागला. सगळ्यात हलका गिअर टाकायला गेले तर खाडकन आवाज झाला आणि चेन आत पडली, म्हणजे मागच्या चाकाच्या सगळ्यात मोठ्या दातेरी चकतीच्या पलीकडे, स्पोकच्या बाजूला. अशी घट्ट अडकली की काढायला वीस मिनिटं आणि माझे दोन हातमोजे गेले. नंतर मी तो गिअर वापरलाच नाही, चढ आला की उतरून ढकलायची.

तिसरा दिवस खरा. माझं मागचं चाक पंक्चर. नवरा पुढे, टेकाडापलीकडे. मी म्हटलं, आपल्याला येतं की. टायर काढला, आतून बोट फिरवलं, पापणीच्या केसाएवढी लोखंडी तार सापडली, नखाने उपटून काढली, पॅच लावला, दाबून धरला, ट्यूब आत बसवली. इतकं सुबक काम झालं होतं की फोटो काढला. मग हवा भरायला पंप शोधला. पंप नवऱ्याच्या डाव्या पिशवीत. नळकांड्या विमानतळावर. आणि नकाशा चालू असल्यामुळे बॅटरी वाचवायला त्याने फोन विमानाच्या मोडवर टाकलेला.

१ तास ४० मिनिटं. रस्त्याच्या कडेला, दगडावर. परत आला आणि पहिलं वाक्य, "अगं, तू कुठे राहिलीस?"

चौथ्या दिवशी दिवसभर समोरून वारा आणि अबोला. पाचव्या दिवशी त्याच वाऱ्यामुळे पलीकडे नेणारी बोट बंद, म्हणून ३८ किलोमीटरचा वळसा. अंधार पडल्यावर पोचलो तर आमची खोली दुसऱ्याला देऊन टाकलेली. त्याचं काही नाही, असं होतंच.

सहाव्या दिवशी दुपारी सपाट रस्त्यावर, कुठलाही खड्डा नसताना, मागून टण्ण असा आवाज. स्पोक तुटला. चाक लंगडायला लागलं आणि ब्रेकच्या रबराला घासू लागलं. मागचा ब्रेक सैल करून मुक्कामाला पोचले. सातव्या दिवशी सकाळी ४ किलोमीटरवर दुसरा तुटला. तिथे संपलं.

माझं वजन ६२ किलो, सामान १७ किलो, सगळं मागच्या कॅरिअरवर. चाकाला २८ स्पोक. खरंच वजनामुळे झालं का? आणि जोडीने जाणारे लोक वेगाचं आणि हत्यारांचं काय करतात?

उतारप्रेमी

टँडम घ्या, दोघांची एकच सायकल. भांडण तरी एकाच जागी होईल.

आरामखुर्ची

टँडमवर मागे कोण बसणार, यावरच पहिला अबोला सुरू होईल.

चाकवाला

ताई, तुम्ही चार वेगवेगळी विघ्नं सांगताय, पण मला त्यातली तीन एकच वाटतात. आधी दोन गोष्टी बघून सांगा. तुटलेले स्पोक चेनच्या बाजूचे होते का? आणि तुटले कुठे? हबजवळच्या (चाकाच्या मधोमधच्या भागाजवळच्या) वाकलेल्या टोकाशी, की त्याच्या वर सरळ भागात?

का विचारतोय ते सांगतो. मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग, बहुतेक सायकलींत फ्रेमला थेट बसत नाही. मध्ये एक अॅल्युमिनियमचा छोटा तुकडा असतो, हँगर. तो मुद्दाम नरम ठेवतात, धक्का बसला तर तो वाकावा आणि फ्रेम वाचावी म्हणून. खोकं उजव्या, म्हणजे चेनच्या अंगावर पडलं किंवा त्यावर दुसरं खोकं आलं की सगळ्यात आधी हाच आत वाकतो. बाहेरून काही दिसत नाही. चाक फिरतं, ब्रेक लागतो, फक्त गिअर कुरकुरतात. केबल ताणली की कुरकुरही कमी होते, म्हणजे आजार झाकला जातो.

हँगर आत वाकला की डिरेलर हव्या त्यापेक्षा आत जातो. शेवटच्या चकतीवर थांबवायला मर्यादेचा स्क्रू असतो खरा, पण तो हँगर सरळ आहे असं धरून लावलेला असतो. म्हणून चढावर हलका गिअर टाकताच चेन चकती ओलांडून आत पडली. आणि पेडलवर जोर असताना आत पडलेली चेन करवतीसारखं काम करते. उजव्या बाजूच्या, बाहेरच्या अंगाने गेलेल्या स्पोकवर खाचा पाडते.

खाच पडलेला स्पोक लगेच तुटत नाही. चाकाच्या प्रत्येक फेरीत तो एकदा सैल पडतो, एकदा ताणला जातो. तुमच्या चाकाचा घेर धरा २.१ मीटर, म्हणजे किलोमीटरला सुमारे ४७५ फेऱ्या. दुसऱ्या दिवसापासून सहाव्या दिवसापर्यंत २२० किलोमीटर झाले असतील तर १ लाखाच्या वर झटके. बरोबर खाचेपाशी चीर वाढत जाते आणि एक दिवस सपाट रस्त्यावर, विनाकारण, टण्ण. खड्डा नव्हता असं तुम्ही लिहिलंत, तिथेच मला शंका आली. पहिला गेल्यावर त्याचा भार शेजाऱ्यांवर आला, म्हणून दुसरा लगेच गेला.

वजनाचं म्हणाल तर सगळे १७ किलो मागे टाकणं चांगलं नाहीच, त्याबद्दल बोलणी खावीच लागतील. पण धडधाकट २८ स्पोकचं चाक ६२ अधिक १७ किलोला सहा दिवसांत दोन स्पोक सोडत नाही.

दोघंच

आम्ही नवरा-बायको बारा वर्षं असे हिंडतोय. चाकातलं मला कळत नाही, पण त्या १ तास ४० मिनिटांचं पुरेपूर कळतं. आमचा तसा दगड पहिल्याच टूरला आला होता, त्यावर मी बसलो होतो. आमच्यात बायको जोरात जाते.

हत्यारं मागे राहणाऱ्याकडे. पुढच्याचं काही बिघडलं तर मागचा आपोआप येऊन पोचतो. मागच्याचं बिघडलं तर पुढच्याला पत्ताच लागत नाही. इतकं साधं आहे, पण जो जोरात जातो तोच सायकलीतलं जास्त जाणणारा असतो आणि हत्यारं त्याच्याकडे जातात. पंप तर दोन घ्याच. आपल्या व्हॉल्व्हला बसतो का ते घरी बघून घ्या. आम्ही एकदा दोघांच्या वेगवेगळ्या व्हॉल्व्हवर एक पंप नेऊन फजिती करून घेतली आहे.

थांबायचं वेळेवर ठरवू नका, जागेवर ठरवा. प्रत्येक वळणावर आणि प्रत्येक चढाच्या माथ्यावर पुढच्याने थांबायचं, मागचा दिसला की हात करायचा आणि मागच्याला दम खायला द्यायचा. हे शेवटचं फार महत्त्वाचं. नाहीतर पुढचा ताजातवाना होऊन निघतो आणि मागचा पोचल्या पोचल्या पुन्हा पेडल मारतो. त्यातून भांडणं होतात, पंक्चरमधून नाही.

सामान समान वाटू नका. जोरात जाणाऱ्याला जास्त द्या. बायकोच्या सायकलीवर १९ किलो, माझ्यावर ११. वेग बराच जुळला. समोरून वारा असेल तेव्हा मात्र तिने पुढे, मी तिच्या मागच्या चाकाच्या आडोशाला. वाऱ्यात मागच्याला खूपच कमी जोर लागतो. फक्त आपलं पुढचं चाक तिच्या मागच्या चाकाच्या बाजूला जाऊ द्यायचं नाही, घासलं की पडणारा मागचाच असतो.

त्या गॅसच्या नळकांड्यांचं, मोजक्या चालतात असं नियम सांगतो, पण विमान कंपनीची आधी परवानगी लागते आणि तरी तपासणीला कोण काय म्हणेल याचा भरवसा नाही. मी त्या नादाला लागत नाही. पंप न्यावा.

आरामखुर्ची

चाकवालादादा, आत्ता अंगणात सायकल उलटी करून बसले होते. हात काळे आहेत, टायपिंग सांभाळून घ्या.

तुटलेले दोन्ही स्पोक नवऱ्याने हत्यारांच्या पिशवीत जपून ठेवलेत (त्याच्या मते पुरावा म्हणून). दोन्ही चेनच्या बाजूचे. वाकलेल्या टोकाशी नाही, त्याच्या साधारण बोटभर वर तुटलेत. तुटलेलं टोक भिंगाखाली धरलं तर अर्धा भाग काळपट आहे आणि अर्धा चकचकीत, नवा. आणि काळपट भागाच्या कडेला आडवी खाच आहे, नख अडकतं.

मग चाकावर उरलेले बघितले. त्याच बाजूला, त्याच उंचीवर आणखी चार स्पोकवर तशाच खाचा.

मागे उभं राहून चकत्यांच्या रेषेत डिरेलर बघितला. त्याचं वरचं छोटं चाक आणि खालचं छोटं चाक एका उभ्या रेषेत हवं ना? खालचं स्पोककडे झुकलंय. नवऱ्याला बोलावून दाखवलं. तो बराच वेळ वाकून बघत होता. मग म्हणाला, "खोकं मी भरलं होतं."

मी काही बोलले नाही. हे इथे नोंदवून ठेवते.

चाकवाला

काळपट अर्धा म्हणजे आधीपासून वाढत आलेली चीर, चकचकीत अर्धा म्हणजे शेवटच्या क्षणी तुटलेला भाग. झालं, निदान पक्कं.

ते चारही स्पोक बदला, आज शाबूत दिसले तरी. दोन्ही बाजूंच्या स्पोकची लांबी सहसा एक-दोन मिलिमीटरने वेगळी असते, त्यामुळे नमुना दाखवूनच घ्या. जास्तीचे दोन-तीन घेऊन चेनजवळच्या फ्रेमच्या नळीला चिकटपट्टीने बांधून ठेवा. पण चेनच्या बाजूचा स्पोक बसवायला चकत्यांचा संच काढावा लागतो आणि त्याचं हत्यार सगळे नेत नाहीत. त्यासाठी दोरीचा तात्पुरता स्पोक मिळतो, चकत्या न काढता ओवता येतो. तोही नसेल तर रस्त्यात एवढंच करा : उजवा स्पोक तुटला की रिम डावीकडे ओढली जाते, म्हणून तुटलेल्याच्या दोन्ही शेजारचे डावे स्पोक अर्धा-अर्धा फेरा सैल करा. चाकाचं लंगडणं पूर्ण जाणार नाही, पण ब्रेकला घासायचं थांबतं. आणि मागचं सामान उचलून जोडीदाराच्या सायकलीवर.

हँगर एकदा सरळ करून घेता येतो, पण वाकव-सरळ करत राहिलं की मोडतो. नवाच घ्या, जास्तीचा एक सोबत ठेवा. बहुतेक मॉडेलचा आकार वेगळा असतो, दुसऱ्याचा उसना सहसा बसत नाही. बसवल्यावर मर्यादेचा स्क्रू पुन्हा लावा आणि सगळ्यात हलक्या गिअरमध्ये डिरेलर आणि स्पोकमध्ये फट आहे ना, ते डोळ्यांनी बघा.

पुढच्या वेळी खोक्यात भरताना डिरेलर हँगरवरून सोडवून, कापडात गुंडाळून, फ्रेमच्या मागच्या त्रिकोणाच्या आत बांधायचा. एक बोल्ट, दोन मिनिटं. केबल काढायची गरज नाही. खोकं उघडल्यावर पेडल बसवायच्या आधी मागून हँगर बघायचा.

उतारप्रेमी

म्हणजे ताई निर्दोष सुटल्या?

आरामखुर्ची

सामानाच्या कलमाखाली समज देऊन सोडलंय. ४ किलो कमी करायचं कबूल केलं.

नवऱ्याने दोन हँगर मागवले आहेत. 'दोघंच' यांचा प्रतिसाद त्याला मोठ्याने वाचून दाखवला, वळणावर थांबायचं त्याला पटलं. माथ्यावर थांबल्यावर मला दम खाऊ द्यायचा, हे वाक्य मी दोनदा वाचलं. काल रात्री जमिनीवर सगळं पसरून नवी वाटणी केली. पंप माझ्या पिशवीत, शिवाय त्याच्याकडे दुसरा. तंबू आणि जड कपडे त्याच्याकडे गेले, ते हलकं-भारी करताना दोन-चार बारीक वस्तू इकडच्या तिकडे झाल्या.

पॅचची डबी त्याच्याकडे गेली, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं. उठते.