गर्दीच्या मदत-ग्रुपवर नवख्या माणसाला वाट कशी दाखवायची?

टंकलेखन_नौपाडा

नमस्कार मंडळी. ठाण्यात नौपाड्याला मी बरीच वर्षं टंकलेखनाचे वर्ग घेत असे. आता वर्ग बंद केलेत, पण टेलिग्रामवर मराठी टायपिंगच्या मदतीचा एक ग्रुप आहे, त्याची मी एक ॲडमिन. सुरुवातीला माझेच विद्यार्थी होते. आता कोण कुठून येईल सांगता येत नाही. जीसीसी-टीबीसीच्या, म्हणजे सरकारी संगणक-टंकलेखनाच्या परीक्षेला बसलेली मुलं, डीटीपीवाले, सोसायटीचे सेक्रेटरी, आठवणी लिहायला घेतलेल्या आज्या. परीक्षा जवळ आली की संध्याकाळी सात ते दहा मेसेजवर मेसेज येत असतात आणि वर गेलेला प्रश्न कोणाला दिसतही नाही.

अडचण अशी आहे. नवीन माणूस येतो आणि लिहितो, "सर फॉन्ट बिघडला अर्जंट". बस, एवढंच. लगेच जुन्यांपैकी कोणीतरी ग्रुपच्या वर टाचून ठेवलेल्या मेसेजकडे बोट दाखवतो, "आधी पिन केलेलं वाचा." दुसरा, "कुठला फॉन्ट, कुठलं सॉफ्टवेअर, विंडोज कुठलं? नीट माहिती देत चला." माणूस गप्प. नंतर बघावं तर ग्रुप सोडून गेलेला.

परवा कळव्याचा एक मुलगा आला होता. प्रिंटिंगच्या दुकानात नवीनच लागलाय. मालकाने जुनी लग्नपत्रिकेची फाईल उघडायला दिली, तर स्क्रीनवर सगळी इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं. फाईल आपल्याच हातून खराब झाली असं त्याला वाटलं. ग्रुपवर त्याला विचारलं गेलं, "मजकूर युनिकोड आहे की लेगसी?" आता हे त्याला ठाऊक असतं तर तो आलाच नसता! मी त्याला इतकंच म्हटलं, "त्या मजकुरावर क्लिक कर, वरच्या पट्टीत फॉन्टचं नाव दिसेल, मोबाईलने त्याचा फोटो काढून टाक." फोटोत श्रीलिपीचा फॉन्ट. उलगडा झाला. श्रीलिपी, आकृती, कृतीदेव हे जुने, म्हणजे लेगसी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवतात. मशीनवर तो फॉन्ट नसला की मागची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. फाईल शाबूत असते. दुकानातल्या जुन्या मशीनवर तो फॉन्ट आहे तिथे उघड, नाहीतर मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठीच दिसेल अशा अक्षरांत आण, म्हटलं. पोराचा जीव भांड्यात पडला.

म्हणून माझं ठाम मत झालंय की नवख्याला काय माहीत असायला हवं ते विचारू नये, त्याला समोर काय दिसतंय ते विचारावं. आणि आधी उत्तर द्यावं, नियम मागाहून सांगावेत. पण मी एकटी किती जणांना पुरी पडणार? बाकीचे ॲडमिन नोकरीवाले, महापे-रबाळ्याहून घरी येताना गाडीत उभ्याने उत्तरं देतात. त्यांना मी दोष देत नाही, ती माणसं दमलेली असतात. त्यांच्यावरचा भार न वाढवता नवख्याला हाताशी धरायची काही रीत आहे का? कोणी असे ग्रुप सांभाळत असाल तर सांगा.

खारीगाव_लिनक्स

बाई, मी जुन्यांची बाजू मांडतो. "आधी पिन वाचा" म्हणणारा माणूस मनाने वाईट नसतो, त्याने तेच उत्तर असंख्य वेळा दिलेलं असतं. कुठल्याही ग्रुपवर खरी उत्तरं देणारे मोजकेच असतात. ते कंटाळून गेले की ग्रुप नावापुरता उरतो.

हे आजचं नाही. युजनेटवर, म्हणजे इंटरनेटच्या जुन्या चर्चा-ग्रुपांवर, दर सप्टेंबरला कॉलेजची नवी मुलं यायची आणि महिन्याभरात जुने लोक त्यांना वळण लावायचे. १९९३-९४ च्या सुमारास एओएलसारख्या इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांनी आपल्या ग्राहकांना युजनेट खुलं केलं आणि येणाऱ्यांचा ओघ थांबेचना. वळण लावणारे तेवढेच, येणारे मात्र बेसुमार. त्या काळाला लोक न संपणारा सप्टेंबर म्हणायला लागले ते उगाच नाही. माझा सल्ला, प्रश्न कसा विचारायचा याचा नमुना सक्तीचा करा आणि गर्दीच्या वेळी स्लो मोड लावा, म्हणजे प्रत्येकाला एका मेसेजनंतर दुसरा टाकायला ठरावीक वेळ थांबावं लागेल.

वाशी_सेक्टर१७

खारीगावकर, दमणुकीबद्दल तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं. पण स्लो मोडचा फटका नेमका नवख्यालाच बसतो. नवीन माणूस एका मेसेजमध्ये लिहीत नाही. आधी "नमस्कार सर", मग "एक शंका होती", मग कोणी ओ देतंय का याची वाट बघतो आणि मग मुद्द्याचं लिहितो. स्लो मोड असला की त्याचा पहिला मेसेज नमस्कारात जातो आणि प्रश्न टाकायला थांबावं लागतं. जुना माणूस एका दमात लिहितो, त्याला काहीच अडत नाही.

मी विकिपीडियावर थोडंफार काम करतो. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे, इंग्रजी त्याच्या आधीची. इंग्रजीवर नवख्यांवर तुटून पडू नका अशी लेखी सूचनाच आहे. पण नुसत्या सूचनेने भागेना, म्हणून २०१२ मध्ये त्यांनी टीहाऊस नावाचं वेगळं पान काढलं. तिथे नवा माणूस कितीही साधा प्रश्न विचारू शकतो. उत्तर देणाऱ्यांकडून अपेक्षा अशी की आधी स्वागत करायचं, सोप्या भाषेत सांगायचं, नुसत्या नियमांच्या लिंका तोंडावर फेकायच्या नाहीत. लेख उडवणं, ताकीद देणं ही कामं दुसरीकडे चालतात. मला यातली ही वाटणी फार मोलाची वाटते. जो माणूस दिवसभर स्पॅम काढतो, भांडणं सोडवतो, त्याच्याकडूनच रात्री नऊ वाजता नवख्याशी गोडीने बोलायची अपेक्षा करणं त्याच्यावर अन्याय आहे. ती दोन वेगळी कामं आहेत आणि ती वेगळ्या माणसांना द्यावीत.

स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या मोठ्या साईटनेही २०१८ मध्ये जाहीर कबूल केलं की नवख्यांना आमच्याकडे परकं वाटतं. त्याच वर्षी त्यांनी नवीन माणसाच्या प्रश्नाखाली "हे नवीन आहेत" अशी खूण दाखवायला सुरुवात केली. उत्तर देणाऱ्याच्या हाताला तेवढ्यानेही लगाम बसतो. तुमच्या ग्रुपवर तशी खूण आपोआप मिळणार नाही, पण "मी नवीन आहे" एवढे शब्द लिहायला सांगता येतील.

ठाण्याला नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मवर रोज कोणीतरी विचारतं, "ही वाशीला जाते का?" शेजारचा माणूस म्हणतो, "ही पनवेल, तुर्भ्यानंतर वळते, वाशीची पुढची घ्या." आधी वेळापत्रक वाचून या असं कोणी म्हणत नाही, आणि एका वाक्यात काम होतं. तयार उत्तरं जरूर ठेवा बाई, वेळ वाचतो. पण पेस्ट करायच्या आधी पहिली ओळ हाताने लिहा आणि त्या माणसाच्याच प्रश्नातला एखादा शब्द तीत येऊ द्या. आपलं वाचलं गेलंय हे त्याला कळतं.

दिवा_पूर्व

मी नवख्यांपैकीच एक. मराठी ३० च्या, म्हणजे मिनिटाला तीस शब्दांच्या टायपिंग परीक्षेची तयारी करतेय. मी दुसऱ्या एका ग्रुपवर विचारलं होतं की "दऱ्या" मधला तो अर्धा र इनस्क्रिप्टवर, म्हणजे मराठीच्या प्रमाणित कीबोर्डवर, कसा काढायचा, माझ्याकडे "दर्या" असं येत होतं. मला एक भलीमोठी पीडीएफ पाठवली आणि "सगळं यात आहे" म्हणाले. मी मोबाईलवर ती उघडून शोधत बसले, सापडलं नाही. परत विचारायची लाज वाटली. सगळ्यांसमोर आपणच ढ ठरतो ना.

मग एका ताईंनी लिहिलं, "शिफ्ट धरून जे, मग डी, मग स्लॅश. आता दऱ्या, तुऱ्या, वाऱ्यावर हे तीन शब्द टाईप करून इथे टाक." मी टाकले. त्या म्हणाल्या, "आता हा प्रश्न पुन्हा कोणी विचारला तर उत्तर तू द्यायचंस." तेव्हापासून त्या ग्रुपवर हा प्रश्न आला की मीच उत्तर देते. मला ते लिहायला अजिबात कंटाळा येत नाही, उलट बरं वाटतं.

ऐरोली_खाडीकाठ

एका गोष्टीकडे कोणाचं लक्ष गेलेलं दिसत नाही. नवीन माणूस ग्रुपवर प्रश्न टाकतो तेव्हा तो फक्त मदत करणाऱ्यांना दिसत नाही, टपून बसलेल्यांनाही दिसतो. माझ्या सासऱ्यांनी एका मदत-ग्रुपवर बँकेच्या ॲपबद्दल विचारलं. थोड्याच वेळात खाजगी मेसेज आला, "मी ग्रुप ॲडमिन, तुमची अडचण सोडवतो." नाव तेच, फोटोही तोच. ग्रुपवर कोणी उत्तर दिलं नव्हतं, त्यामुळे त्यांना वाटलं, चला, कोणीतरी विचारलं. स्क्रीन दिसण्याचं ॲप टाकायला लावलं आणि खात्यातले पैसे गेले. १९३० या सायबर-फसवणुकीच्या हेल्पलाईनला लगेच फोन केला म्हणून काही रक्कम अडवता आली.

ग्रुपवर उत्तराविना पडून राहिलेला प्रश्न म्हणजे या चोरांना मोकळं रान. म्हणून स्वागताच्या मेसेजमध्ये पहिली ओळ ही असू द्या की आमचा कोणीही ॲडमिन आपणहून खाजगीत मेसेज करत नाही. नाव-फोटोची हुबेहूब नक्कल होते, युजरनेम मात्र तंतोतंत तेच दुसऱ्याला घेता येत नाही, तेव्हा ॲडमिनांची युजरनेमं तिथेच द्या. आणि स्क्रीनशॉटमध्ये आधार नंबर, मोबाईल नंबर दिसत असेल तर ॲडमिनने तो काढून टाकावा, पण काढल्यावर त्या माणसाला कारण सांगावं. नाहीतर आपला प्रश्नच उडवला असं त्याला वाटतं.

टंकलेखन_नौपाडा

सगळ्यांचे मनापासून आभार. ऐरोलीकर, तुमच्या सासऱ्यांचं वाचून फार वाईट वाटलं. ती ओळ आज रात्रीच घालते.

आमच्या स्वागताच्या मेसेजमध्ये नियमच नियम आहेत, तो मोबाईलवर दोन-तीनदा वर सरकवावा लागतो. तो काढून हा ठेवावा म्हणते:

"या, स्वागत आहे. आमचा कोणीही ॲडमिन तुम्हाला आधी खाजगीत मेसेज करणार नाही, पैसे किंवा ओटीपी मागणार नाही. अडचण असेल तर मी नवीन आहे असं लिहून स्क्रीनचा फोटो टाका, आणि काय व्हायला हवं होतं ते एका ओळीत लिहा. फोटोत आधार नंबर, फोन नंबर झाकून घ्या. शब्द चुकले तरी चालतील."

"काय व्हायला हवं होतं" ही ओळ मला फार गरजेची वाटते. एक आजी रोज विचारायच्या की गूगलचा कीबोर्ड कसा बसवायचा, आणि रोज कोणीतरी त्यांना लिंक द्यायचं. शेवटी विचारलं, तुम्हाला करायचंय काय? तर नातवाला मराठीत पत्र लिहायचं होतं, लॅपटॉपवर. विंडोज १० मध्ये मे २०१९ च्या अपडेटपासून मराठी फोनेटिक कीबोर्ड आतच आहे, फक्त सेटिंग्जमधून चालू करावा लागतो. वेगळं काही उतरवायची गरजच नव्हती.

खारीगावकर, तुमचं म्हणणं मी सोडून दिलेलं नाही. जुन्यांना आता नवख्यांच्या पहिल्या प्रश्नाला हात लावायची सक्ती नाही. त्यांनी अवघड प्रश्न घ्यावेत, स्पॅम बघावा. एकच विनंती, उत्तर द्यायचं नसेल तर गप्प राहावं, "पिन वाचा" लिहू नये. पहिले प्रश्न घ्यायला मी नुकतेच शिकलेले पाच-सहा जण गाठणार आहे. झोपायच्या आधी मी दिवसभराचे मेसेज वर सरकवून बघेन आणि उत्तराविना राहिलेल्यांना निदान "तुमचा प्रश्न पाहिला, उद्या बघते" एवढं तरी लिहीन. ज्याला उत्तर मिळालं त्याला दुसऱ्या दिवशी "चाललं का?" विचारायचं. पुष्कळदा चाललेलं नसतं आणि बिचारा माणूस सांगत नाही.

दिव्याच्या ताई, तुम्ही आमच्या ग्रुपवर याल का? सात ते आठ, आठवड्यातले दोन दिवस जमलं तरी पुरे.

दिवा_पूर्व

हो बाई, येईन. मंगळवार आणि शुक्रवार जमेल, त्या दिवशी माझा क्लास नसतो. पण मी फक्त इनस्क्रिप्टचे प्रश्न घेईन. रेमिंग्टन, तो जुन्या टाईपरायटरसारखा कीबोर्ड, मला येत नाही आणि श्रीलिपीचंही काही कळत नाही.

टंकलेखन_नौपाडा

रेमिंग्टन माझ्याकडे. श्रीलिपीला कळव्याच्या त्या मुलाला विचारते.

खारीगाव_लिनक्स

कन्व्हर्टरचे प्रश्न माझ्याकडे पाठवा बाई. आकृतीतून युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरं तुटतात, ते मी बघतो. स्लो मोडचं राहू द्या.