स्वीट पीचा वेल नुसता वाढतोय, कळी एकही नाही. कायम टिकणारी जात लावावी का?

गच्ची_टिळकवाडी
ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात 12 इंची कुंडीत स्वीट पीच्या, म्हणजे वासाच्या फुलांच्या वेलाच्या, चार बिया लावल्या. जानेवारी संपत आला, वेल पाच फूट झालाय, पानं गर्द हिरवी, खरं कळीचा पत्ता नाही. ऊन सकाळचं सहा तास मिळतं. निम्मी लाल माती, निम्मं शेणखत आणि दर पंधरा दिवसांनी थोडं युरियाचं पाणी. पाकिटावर ‘स्पेन्सर मिक्स’ लिहिलंय.
दुसरं म्हणजे, एकदा लावली की वर्षानुवर्षं फुलणारी स्वीट पी ऑनलाइन दिसते. ती घेतली तर दरवर्षीची पेरणी वाचेल का?

लालमाती_खानापूर
ताई, युरिया आजच बंद करा. ही वाटाण्याच्या घरातली वेल, मुळांवरच्या गाठींतले जिवाणू तिला नत्र (नायट्रोजन) पुरवतात. वरून आणखी नत्र दिलं की ती पानांच्याच मागे लागते. निम्मं शेणखतही जास्तच झालं, चार भाग मातीला एक भाग पुरे.
खरी गोम मात्र पाकिटावरच्या नावात आहे. स्वीट पी कधी फुलणार हे दिवस किती मोठा आहे त्यावर ठरतं. स्पेन्सर गटातल्या जाती इंग्लंडच्या उन्हाळ्यासाठी तयार झालेल्या, त्यांना साधारण 12 तासांचा दिवस लागतो. बेळगावात डिसेंबरचा सगळ्यात लहान दिवस 11 तास 10 मिनिटांच्या आसपास असतो आणि 12 तास भरेपर्यंत मार्चचा मध्य उजाडतो. तेव्हा दुपारी पारा 34-35 वर जातो आणि वेल खालून पिवळा पडायला लागतो. म्हणजे फुलायची वेळ आणि मरायची वेळ एकच.
पुढच्या वर्षी ‘विंटर एलिगन्स’ किंवा ‘मॅमथ’ मागवा, त्या 10 तासांच्या दिवसातही फुलतात. ‘कथबर्टसन’ आणि ‘रॉयल’ना 11 तास लागतात, म्हणजे आपला अख्खा हिवाळा त्यांना चालतो. पाकिटावर नुसतं ‘मिक्स’ असेल आणि गट लिहिलेला नसेल तर घेऊ नका, चित्र कितीही देखणं असो.
आताचा वेल उपटू नका. सल्फेट ऑफ पोटॅश लिटरला 1 ग्रॅम, दहा दिवसांतून एकदा द्या. कुंडीवर वाळलेल्या पानांचा दोन इंच थर घाला, फेब्रुवारीच्या मध्यापासून दुपारी सावलीची जाळी ओढा. मूळ थंड राहिलं तर मार्चमध्ये थोडी फुलं दिसतील. थोडीच, हं.

माळीबुवा
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही. बहुवर्षायू म्हणून विकतात ती लॅथिरस लॅटिफोलियस. आपली वासाची ती लॅथिरस ओडोरॅटस, एका हंगामाची. जात वेगळी, स्वभाव वेगळा आणि मुख्य म्हणजे बहुवर्षायूला वास अजिबात नाही. स्वीट पी वासासाठी लावायची असेल तर विषय तिथंच संपला.
बहुवर्षायूचं सोटमूळ खोल जातं, म्हणून हलवलेलं तिला सोसत नाही आणि कुंडीत कोंडते. पहिल्या वर्षी फुलं जवळजवळ नसतात. कडक थंडीत ती जमिनीलगत वाळून जाते आणि वसंतात मुळापासून पुन्हा फुटते. तिला ती विश्रांती लागते. आपल्याकडे थंडीतल्या रात्री फार तर 12-14 अंशांपर्यंत उतरतात, तेवढ्यात तिची झोप होत नाही. वर जून ते सप्टेंबर खानापूर-बेळगावचा पाऊस, त्यात मूळ कुजायला वेळ लागत नाही.
दरवर्षी आपोआप येणारा वेलच हवा असेल तर गोकर्ण लावा. वास त्यालाही नाही, पण ऐन पावसात फुलतो. दसऱ्याला त्याला गुडघाभर छाटा आणि त्याच जाळीवर स्वीट पी चढवा. एका जाळीवर दोन हंगाम निघतात.

काळीमाती_निपाणी
पेरणीची तारीखही जरा चुकली. ऑक्टोबरच्या सुरुवातीला परतीचा पाऊस असतो, बी कुजतं किंवा रोप जमिनीलगत काळं पडून आडवं होतं. हा पाऊस थांबल्यावर, दसरा ते दिवाळी हा काळ बरा.
बी रात्रभर भिजवा असं सगळे सांगतात, मी सांगणार नाही. कठीण सालीचं बी भिजूनही तसंच राहतं आणि मऊ सालीचं पाण्यात गुदमरतं. नेलकटर घ्या, बीवर डोळा असतो त्याच्या बरोबर उलट बाजूला तपकिरी सालीचा टवका काढा. आतला पिवळसर पांढरा गर टिपक्याएवढा दिसला की थांबा. गरालाच काप गेला तर बी वाया.
चहाच्या कागदी कपाला खाली तीन भोकं पाडा, एकेक बी इंचभर खोल पेरा. एकदा पाणी द्या आणि कोंब दिसेपर्यंत माती नुसती ओलसर ठेवा. आठ ते पंधरा दिवसांत उगवतं. कप उंदरांपासून जपा, उकरून खातात. चार पानं झाली की कपाचं बूड फाडून कपासकट लावा, मूळ मोकळं करू नका. दोन रोपांत 15-20 सेंटिमीटर अंतर. वीतभर वाढलं की शेंडा खुडा, म्हणजे खालून दोन-तीन फांद्या फुटतात.
तणावे अगदी बारीक असतात, जाड बांबूला त्यांचा विळखा बसत नाही. कामट्या रोवून त्यावर सुतळी किंवा जाळी ताणा, सहा फूट तरी.
लाल मातीत आंबटपणा असतो. लावणीआधी तीन आठवडे चौरस मीटरला 100 ग्रॅम शेतीचा चुना मिसळा. शेणखत मात्र त्याच दिवशी नको, दोन्ही एकत्र आले की नत्र उडून जातं. आमच्याकडच्या काळ्या मातीला चुना नकोच, तिथं वीतभर उंच गादीवाफा करा.

वडगाव_परसबाग
आमच्याकडे कळ्या येतात, पण पिवळ्या पडून गळतात. पानांवर पांढरी पूडही दिसते.

लालमाती_खानापूर
कळ्या गळतात त्या बहुतेक मुळाशी पाणी साचल्यामुळे, नाहीतर ढगाळ दिवसांत ऊन कमी पडल्यामुळे. कुंडीत बोट दोन पेरं घालून बघा, कोरडं लागलं तरच पाणी द्या. पांढरी पूड म्हणजे भुरी. पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला 2 ग्रॅम, सकाळी लवकर फवारा. दुपारी 32 अंशांवर पारा असेल तर नको, पानं करपतात. शेंड्याला मावा दिसला तर बोटानं चिरडून टाका, तो विषाणूही पसरवतो.
आणि फुलं एक दिवसाआड तोडत जा. शेंग धरली की वेल आपलं काम झालं असं समजून फुलणं थांबवतो.

माळीबुवा
शेंगांवरून आठवलं. त्या हुबेहूब वाटाण्यासारख्या दिसतात, फक्त अंगावर लव असते. बी विषारी आहे. घरात लहान पोरं असतील तर शेंगा वेलीवर वाळू देऊ नका, आणि राखलेलं बी स्वयंपाकघरातल्या डब्यात तर मुळीच नको.

गच्ची_टिळकवाडी
युरिया बंद केला, जाळी आणते. बहुवर्षायूची ऑर्डर रद्द. शेजारच्या काकूंकडे निळा गोकर्ण आहे, बी मागून ठेवते.