विषय: २००२ ची अकॉर्ड, बरीच वर्षं गराजमध्ये

नमस्कार मंडळी,
सासऱ्यांची २००२ ची होंडा अकॉर्ड (चार सिलिंडर) २०१४ पासून झाकून ठेवलेली आहे. लेकाला लायसन्स मिळालंय, आता त्याला तीच हवी. नवी बॅटरी बसवून चावी फिरवली तर चालेल ना? घरात सगळे म्हणतात, होंडाला काही होत नाही.
(एडिसन)

---

ताई, चावी अजिबात फिरवू नका. इंजिनाच्याही आधी एअरबॅगचं बघा. २००१-०२ च्या बऱ्याच अकॉर्डमध्ये टकाटा कंपनीचे जे इन्फ्लेटर (एअरबॅग फुगवणारे भाग) होते, ते टकाटाच्या सगळ्या रिकॉलमधले (दोषामुळे गाड्या दुरुस्तीला परत बोलावतात ते) सर्वांत वाईट. प्रयोगशाळेत ते फुटण्याचं प्रमाण ५० टक्क्यांपर्यंत निघालं, म्हणून २०१६ मध्ये एनएचटीएसएने (अमेरिकेची सरकारी रस्ता-सुरक्षा संस्था) या गाड्या दुरुस्तीपर्यंत चालवूच नका असं सांगितलं. तुमची तेव्हा गराजमध्येच होती, म्हणजे राहून गेलं असण्याचीच शक्यता जास्त. एनएचटीएसएच्या साइटवर व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) टाका. दुरुस्ती फुकट असते; डीलरला म्हणावं, टो करून न्या.

मग इंजिन. जुनं पेट्रोल पूर्ण उपसून टाका. इथल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते पाणी ओढतं. वरून ताजं ओतून भागत नाही. ऑइल आणि फिल्टर सुरू करण्याआधीच बदला. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, रात्रभर राहू द्या, मग पान्याने इंजिन हाताने फिरवून पाहा. हे इंजिन घड्याळाच्या उलट दिशेने फिरतं, चांगले चांगले मेकॅनिक इथे फसतात. अडलं तर जोर लावू नका.

आणि टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन तालात ठेवणारा रबरी पट्टा! होंडाचा हिशोब १,०५,००० मैल किंवा सात वर्षं, जे आधी होईल ते. तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन गेलं. मैल कमी आहेत म्हणून खूश होऊ नका, रबराला वर्षं मोजता येतात.
(प्लेन्सबोरो)

---

एक भर. एअर फिल्टरचा डबा आणि हीटरचा पंखा उघडून पाहा, उंदरांनी संसार थाटलेला असतो. घाण कोरडी झाडू नका, व्हॅक्यूमही नको. हंटाव्हायरसची भीती असते. एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी, पाच मिनिटं भिजू द्या, मग हातमोजे घालून पुसा. आणि पहिल्यांदा सुरू कराल तेव्हा गाडी गराजबाहेर ढकलून. धूर विषारी असतो, नुसतं दार उघडं ठेवून चालत नाही.
(पिस्कॅटवे)

---

सगळ्यांचे आभार. रिकॉल खरंच बाकी निघाला, डीलर टो करून नेतोय. टायरवर डीओटी या अक्षरांपुढे शेवटी २३०९ लिहिलंय, पण नक्षी नव्यासारखी आहे. बेल्टचे कागद मात्र सापडत नाहीत.
(एडिसन)

---

२३०९ म्हणजे टायर २००९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेत. नक्षी बघू नका, चारही टायर बदला. ब्रेक फ्लुइडही पाणी धरतं, ते नवीन भरा. हँडब्रेक ओढून ठेवला असेल तर मागची चाकं जाम असतील; टोवाल्याला आधीच सांगा, नाहीतर फरपटत नेईल. कागद नाहीत म्हणजे बेल्ट बदललेला नाही असंच धरा. वॉटर पंप त्याच बेल्टवर चालतो, तोही सोबतच बदलून घ्या. लेकाला म्हणावं, तोवर आईची गाडी.
(प्लेन्सबोरो)