मिर-१४३/१४५ (जनुकांना दाबणारे आखूड मायक्रोआरएनए रेणू) घटलेले दिसले, म्हणजे ते कर्करोगाला आवर घालतात का?

प्रश्न: मोठ्या आतड्याच्या कर्करोगात गाठ आणि शेजारची निरोगी ऊती क्यूपीसीआरवर (रेणूचं प्रमाण मोजणारी चाचणी) ताडून पाहिली, तर मिर-२१ वाढलेला आणि मिर-१४३, मिर-१४५ घटलेले येतात. मिर-१४३/१४५ च्या जोडीला ट्यूमर सप्रेसर, म्हणजे गाठ रोखणारे रेणू, म्हणता येईल का? शिवाय प्लाझ्मातल्या मिर-२१ ला यू६ या छोट्या आरएनएचा संदर्भ (तुलनेचं माप) घेतला की आकडे नमुन्यागणिक उड्या मारतात. असं का होतं?

उत्तर १: एवढ्यावरून म्हणू नका. ही जोडी मुख्यतः स्नायूपेशी, फायब्रोब्लास्ट अशा मेसेन्काइमल (आधार देणाऱ्या ऊतीच्या) पेशींत असते. अस्तरपेशींत जवळजवळ नसतेच. निरोगी तुकड्यात स्नायूथर आला आणि गाठीच्या तुकड्यात अस्तरपेशींची दाटी असली, की एकाही पेशीत काही न बदलता आकडा घसरतो. उंदरांतून ही जोडी काढली तर इजेनंतर अस्तर नीट भरून येत नाही, पण त्याचं मूळ मेसेन्काइमल पेशींतच सापडतं. पेशीरेषेत मिमिक (त्याच मिरची कृत्रिम नक्कल) घालून वाढ मंदावली, हा पुरावाही लंगडा आहे: तिथे मात्रा नैसर्गिक पातळीच्या कितीतरी वर जाते. आधी ऊतीच्या त्याच ब्लॉकचा काप डेस्मिनसाठी (स्नायूतलं प्रथिन) रंगवून स्नायू किती आहे ते बघा. मग लेसर मायक्रोडिसेक्शनने (लेसरने नेमका भाग कापून) अस्तर आणि स्ट्रोमा, म्हणजे भोवतालची आधार-ऊती, वेगळे करून मोजा. मेणात जतन केलेले पॅराफिन ब्लॉक चालतात. इतके आखूड रेणू त्यात बरे टिकतात.

उत्तर २: मिर-२१ चंही तेच, फक्त उलट्या दिशेने. तो पीडीसीडी४ आणि पीटेन या गाठ रोखणाऱ्या जनुकांना दाबतो हे खरं, पण इन सिटू हायब्रिडायझेशनमध्ये (कापावर रेणू कुठे आहे ते दाखवणारी पद्धत) त्याचा ठळक सिग्नल बहुधा गाठीभोवतीच्या फायब्रोब्लास्टमध्ये दिसतो. गाठ पसरण्याबद्दल लिहायचं असेल तर मिर-२०० कुटुंब बघा. ते झेब१ला (पेशींना पसरायला मदत करणारं प्रथिन) दाबतं, झेब१ त्याला दाबतो. आक्रमणाच्या कडेला मिर-२०० उतरतो, आणि अख्खा तुकडा वाटून मोजला की ती पातळ कड हरवते.

उत्तर ३: प्लाझ्मासाठी यू६ सोडा. तो केंद्रकातला, सुमारे १०६ न्यूक्लिओटाइडचा रेणू. प्लाझ्मात थोडा आणि अस्थिर. त्याऐवजी संदर्भ म्हणून घेतला जाणारा मिर-१६ लाल पेशींत भरपूर असतो, त्यामुळे रक्त फुटलं की तोही फसवतो. प्रत्येक नमुन्यात मिर-२३ए-३पीच्या सीक्यूतून (सिग्नल दिसायला लागलेल्या पीसीआर चक्रांची संख्या) लाल पेशींतल्या मिर-४५१एचा सीक्यू वजा करा. फरक ७ च्या वर गेला तर हिमोलिसिसचा, म्हणजे लाल पेशी फुटल्याचा, संशय घ्या. ४१४ नॅनोमीटरवर शोषणही तपासा. सेल-मिर-३९ (बाहेरून घालायचा नियंत्रण-रेणू) लायसिस बफर मिसळल्यानंतरच घाला, नाहीतर प्लाझ्मातले आरएनेझ (आरएनए तोडणारी विकरं) त्याला क्षणात खातात. त्याने निष्कर्षणातला तोटा भरून निघतो, फुटलेलं रक्त नाही. हेपॅरिनची नळी नको, ते पीसीआर अडवतं, ईडीटीए घ्या. प्लेटलेट काढायला सेंट्रिफ्यूजमध्ये दोनदा फिरवा.