कँपरव्हॅन समतल कशी करता? डोकं खाली, पाय वर करून झोपलेल्यांनी जरूर लिहा

बोरिवली (धागा मीच काढलाय, म्हणून सुरुवात माझी)

दिवाळीनंतर भंडारदऱ्याला गेलो होतो. आमची ईको, मागच्या भागात नवऱ्याने प्लायवूडचा घडीचा पलंग बसवलाय. पोचायला अंधार झाला. एका शेतकऱ्याच्या आवारात गाडी लावली, वरण-भात खाल्ला, आडवे झालो. रात्री दोनला जाग आली तर मी सरकत्या दाराला चिकटलेली, माझ्या अंगावर लेक आणि लेकीच्या अंगावर नवरा. टॉर्च लावला. पातेल्यातलं उरलंसुरलं वरण सगळं एका कडेला गोळा झालेलं, दुसऱ्या कडेला पातेल्याचा कोरडा तळ. मग थंडीत उठून दोन दगड शोधले, गाडी त्यांवर चढवली, आणि दगड सुटून गाडी धाडकन खाली आली. उरलेली रात्र बसून काढली.

आता सांगा, तुम्ही काय वापरता? विकतचे रॅम्प घ्यावेत का? नुसतं ‘सपाट जागा बघा’ असं कृपया लिहू नका, तेवढं आता आम्हालाही कळलंय.

ठाणे

ताई, जागा बघा असंच लिहिणार होतो! पण उजेड असताना पोचा, एवढं तरी म्हणू द्या. अंधारात उतार दिसतच नाही.

माझी फोर्सच्या ट्रॅव्हलर ३३५० या व्हॅनवर बांधलेली गाडी आहे. नावातले ३३५० म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये. एक अंश उतार असला तर तेवढ्या लांबीत जवळजवळ ५.८ सेंमीचा फरक पडतो. म्हणजे पुढचं-मागचं साधायला जास्त उंची लागते, डावं-उजवं थोडक्यात होतं. झोपेचं खोबरं मात्र डाव्या-उजव्यानेच होतं, म्हणून मी आधी ते बघतो. पुढचं-मागचं थोडं राहिलं तर उशी उंच बाजूला.

विकतचे पिवळे पायऱ्यांचे रॅम्प आहेत माझ्याकडे. चांगले आहेत. पण भुसभुशीत मातीत खाली फळी हवीच, नाहीतर रॅम्पच रुततो. मागे जोडचाकं असतील तर दोन्ही टायर ठोकळ्यावर यायला हवेत. एकावर सगळा भार टाकू नका.

फ्रिजचं विसरू नका. गॅसवरही चालणारा, अमोनियाचा फ्रिज असेल तर त्यातलं द्रावण उतारानेच खाली वाहत असतं. गाडी फार कलली की ते अडकतं, फ्रिज थंड होत नाही आणि तसाच चालू ठेवला तर कायमचा बिघडतो. साधारण तीन अंशांच्या आत ठेवा. कॉम्प्रेसरवाल्याला एवढे लाड लागत नाहीत.

परळ

माझे बाबा गवंडी. त्यांची दोन फुटी पाणसळ (बुडबुड्यावर लेव्हल दाखवणारी पट्टी) मी गाडीत ठेवतो. मोबाइलवर लेव्हल बघणाऱ्यांना एकच विचारतो, मागे कॅमेऱ्याचा उंचवटा आहे तो काय करता? फोन उताणा ठेवला की तोच कलतो. कडेवर उभा धरा.

माझी रीत सांगतो. पाणसळ गाडीच्या फरशीवर आडवी ठेवायची. खालच्या टोकाखाली पत्ते, वही, काहीही सरकवत बुडबुडा मध्ये आणायचा. त्या फटीची उंची मोजायची. समजा १ सेंमी आली. पाणसळ ६० सेंमीची, तुमच्या ईकोची चाकं डावी-उजवी साधारण १.३ मीटरवर. म्हणजे खालच्या बाजूच्या दोन्ही चाकांखाली २ सेंमीला थोडं जास्त. उगीच चढव-उतरव करत बसावं लागत नाही. बाबा भिंत बांधताना हेच करायचे.

पाणसळ नसेल तर ताटात पाणी घ्या. एका काठाशी पाणी चढलं की कळतंच. (तुमचं वरण हीच पाणसळ होती, फक्त वाचायला उशीर झाला.)

मुलुंड

एवढं काय त्या लेव्हलचं वेड? आम्ही दोघं दहा वर्षं डोकं उंच बाजूला करून झोपतोय. गाडी उलट तोंडाने लावली की अर्धे प्रश्न मिटतात.

दादर

वरच्यांना उत्तर: तुम्ही गाडीत घावन घालत नसाल. तेल एका बाजूला पळतं, पीठ दुसरीकडे जाड राहतं, आणि सासूबाई म्हणतात सुनेला घावन जमत नाहीत. झोपेपेक्षा मला तव्याची लेव्हल महत्त्वाची. आम्ही बुडबुडा ओट्यावरच बघतो, पलंग गेला उडत.

विलेपार्ले

दिवेआगरला एका वाडीत उतरलो होतो. पुळणीची जमीन, ठोकळा ठेवला की रुतलाच. यजमान काका बघत होते. म्हणाले, “खालचं चाक कशाला उचलतोस? वरच्या बाजूचं खाली घे की.” फावडं आणून दिलं. उंचावरची दोन्ही चाकं कुठे येतात तिथे खूण केली, गाडी पुढे घेतली, टायरहून रुंद असा उथळ चर खणला, पुढच्या टोकाला उतरता ठेवला आणि गाडी मागे घेतली. पंधरा मिनिटं लागली, खर्च शून्य. निघताना मात्र चर बुजवून घेतला त्यांनी. सकाळी शिंपणाला माणसं येतात, कुणाचा पाय मुरगळायला नको.

त्याआधी मी कुंपणाकडचा चिरा चाकाखाली द्यायला निघालो होतो. तो नकोच. एका दमात फार उंच होतो, आणि टायर कडेवर आला की जांभ्याचा भुगा. विटेचंही तेच.

डोंबिवली

बाबा एसटीत चालक होते, त्यामुळे आमच्याकडे पहिलं काम उटी, म्हणजे चाक घरंगळू नये म्हणून अडकण. गाडी ठोकळ्यावर चढली की हँडब्रेक, गिअर, आणि उताराच्या बाजूने चाकाला लाकडी पाचर घट्ट. ते होईपर्यंत आत कुणी जायचं नाही, मुलांनी तर नाहीच.

हे मी एकदा मोडलं. कंटाळा आला म्हणून गाडी जॅकवर उचलून समतल केली आणि चहा टाकला. मुरमाची जमीन, आदल्या दिवशी पाऊस. बायको आत चढली तसा जॅक एका अंगाला रुतला. गाडी पडली नाही, पण उकळता चहा माझ्या पायावर. जॅक पंक्चरसाठी, तोही उटी लावून. कोपऱ्यांत खाली सोडायचे पाय असतात ना, तेही गाडी हलू नये म्हणून, उचलायला नाहीत.

कुर्ला

पावसाळ्यात बाजूची ताडपत्री मात्र समतल नको. एक पाय चार बोटं खाली घ्या. नाहीतर पोटात पाणी साठतं आणि नेमकं पोहे खाताना डोक्यावर येतं.

बोरिवली

सगळ्यांचे आभार. रॅम्प नाही घेतले. रे रोडच्या वखारीतून दोन इंच जाड, आठ इंच रुंद फळ्या दोन-दोन फुटांच्या कापून आणल्या, प्रत्येकीची एक कड तिरकी करून घेतली, आणि दोन पाचरी. परळच्या दादांच्या रीतीने काल सोसायटीतच तालीम केली. आमचं पार्किंग गटाराकडे उतरतं हे बारा वर्षांत पहिल्यांदा कळलं. फट दीड सेंमी, म्हणजे सव्वातीनच्या आसपास. फळी पाच सेंमीची, त्यामुळे गाडी उलट्या बाजूला कलली! आता एक इंचीही आणायची आहे. वॉचमन काका तीनदा येऊन विचारून गेले, “ताई, पंक्चर काढायला कुणाला बोलावू का?”